डेटा सॅच्युरेशनला ‘संपृक्तता’ म्हणावं का?

प्रबंध मराठीत लिहितोय. यावल-चोपड्याकडची अकरावी-बारावीची पोरं गणित कशी शिकतात हा विषय, पद्धत ग्राउंडेड थिअरी, म्हणजे मुलाखतींसारख्या माहितीतूनच सिद्धांत उभा करायचा. शाळेत संपृक्त द्रावण शिकलोय म्हणून सॅच्युरेशनला, म्हणजे पुढच्या मुलाखतींतून नवं काही निघेनासं होतं त्या टप्प्याला, ‘संपृक्तता’ लिहिलं, पण आता तो शब्दच खटकतोय, कारण साखर विरघळायची थांबली की तळाशी दिसते तरी, मुलाखतीत काय दिसणार? अकरा पोरांनी एकच सांगितलं, वर्गात समजतं, घरी गेलं की जमत नाही. मी थांबणारच होतो आणि बाराव्या मुलाखतीतली मुलगी म्हणाली, कापूस वेचताना एका ओळीला एक सूत्र धरते, ओळ संपेस्तोवर तेच घोकते. म्हणजे ‘घरचा अभ्यास’ ही माझी कॅटेगरीच (उत्तरांचा गट) अर्धी होती. दुसरा शब्द आहे का?

—

भाऊ, शब्द ठेवा, फक्त आधी ‘सैद्धांतिक’ लावा. ग्राउंडेड थिअरी मांडणाऱ्या ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये हा शब्द वापरला तो कॅटेगरीसाठी, म्हणजे नवीन माहिती घेऊनही त्या कॅटेगरीचे नवे पैलू निघेनात ती अवस्था, उत्तरं रिपीट होणं नव्हे. बारा मुलाखतींचा आकडा लोक सर्रास लिहितात तो २००६ च्या एका अभ्यासातला, तिथे ६० पैकी पहिल्या १२ मध्ये बहुतेक कोड (उत्तरांतल्या मुद्द्यांना दिलेली नावं) येऊन गेले होते. पण २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासात कोड ९ मुलाखतींत सापडले आणि त्यांचा अर्थ नीट कळायला १६ ते २४ लागल्या. ऐकू येणं वेगळं, कळणं वेगळं.

ग्राउंडेड थिअरीवर लिहिणाऱ्या इयान डे यांना सॅच्युरेशन हा शब्दच पटला नाही, ते सफिशन्सी म्हणतात, पुरेसेपणा. मला विचाराल तर आपल्याकडे त्याला वाफसा आहे. पावसानंतर रानात पाणी भरलेलं असतं तेव्हा औत घालत नाहीत, मूठभर माती दाबून गोळा करतात, टाकला आणि फुटला की वाफसा, म्हणजे रान औताला तयार. आणि काळ्या रानाला वेळ लागतो, हलक्याला लवकर येतो, एकाच गावात. तसंच प्रत्येक कॅटेगरीची मूठ वेगळी दाबून बघायची.

प्रबंधात ‘वाफसा’ चालेल का माहीत नाही, पण समजावताना जरूर लिहा.

—

वाफसा पटलं, ताई. त्या अकरा पोरांकडे परत जातोय, शेतात काम करताना डोक्यात काय चालतं ते मी विचारलंच नव्हतं.