मदत हवी आहे: टॅम्पाहून अटलांटा, आय-७५ हायवे सोडून कुठला रस्ता? (मिल्टन चक्रीवादळ)

टॅम्पाकर | सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४, रात्री ९.१०
उद्या पहाटे अटलांटाला निघायचंय. एरवी सात तासांचा रस्ता, पण गूगलचा आकडा बघता बघता वाढतोय. आज कुणी गेलंय का? यूएस-१९ बरा की ३०१? लवकर सांगा. 'काही होत नाही, घरीच बसा'वाले सल्ले नकोत.

चकली | ९.१४
स्थलांतराचा झोन कुठला (ए सगळ्यात धोक्याचा, ई सगळ्यात कमी)? किती जण? गाडी कुठली?

टॅम्पाकर | ९.१६
झोनचा काय संबंध? रस्ता विचारलाय. पाच जण आहोत.

जुना_ह्यूस्टनकर | ९.२२
संबंध कसा नाही? २००५ ला रिटा वादळाच्या वेळी ह्यूस्टनहून निघून आम्ही आय-४५ वर होतो. महिनाभर आधीच कत्रिना झालेलं, लोक धास्तावलेले. २५ लाखांच्या आसपास माणसं एकदम बाहेर पडली. रस्त्यात पेट्रोल संपलं, एसी बंद. वादळ यायच्या आधीच उष्म्याने माणसं गेली, वृद्धाश्रमाच्या बसला आग लागून २३ जण गेले. उलट्या बाजूच्या लेन उघडल्या, पण फार उशिरा. फ्लोरिडाने त्या आजच उघडायला हव्यात.

ओरलँडोचा_बाळू | ९.२७
काका, टेक्सासचं इथे नका लावू. दक्षिणेकडे येणाऱ्या लेनमधून पेट्रोलचे टँकर, अँब्युलन्स आणि विजेची माणसं यायची असतात. त्याही बाहेर जाणाऱ्यांना दिल्या तर पंपांवर पेट्रोल कुठून येणार? इथे २०१७ च्या इर्मा वादळापासून शोल्डर (रस्त्याकडेची मोकळी पट्टी) उघडतात. आय-४ आणि आय-७५ वर उघडलेत, टोलही माफ आहे.

जुना_ह्यूस्टनकर | ९.३०
शोल्डरवर एक गाडी बंद पडली की संपलं!

पेणचा_पाहुणा | ९.३३
गणपतीत मुंबई-गोवा हायवेने कधी गेलायत का? हे काहीच नाही. वडखळला आम्ही गाडीतून उतरून मिसळ खाऊन आलो, गाडी तिथेच. (अवांतराबद्दल क्षमस्व.)

विमावाला | ९.३६
घराचा पूरविमा बघून ठेवा. वाऱ्याचा वेगळा, पुराचा वेगळा. सरकारी पूरविमा साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे आज काढून मिल्टनला उपयोग नाही.

टॅम्पाकर | ९.३८
भाड्याचं घर आहे हो. रस्ता सांगा कुणीतरी.

सेंटपीटची_सुमा | ९.४५
सांगते. आम्ही झोन ए. हेलीन वादळाचं पाणी गॅरेजात शिरलेलं, तो चिखल अजून निघाला नाही. आत्ता वाइल्डवुडच्या अलीकडे गोगलगायीच्या चालीने सरकतोय (टाइप नवरा करतोय, मी चालवतेय). इथे टर्नपाइक (टोलचा हायवे) येऊन आय-७५ ला मिळतो, म्हणजे मायामी-ओरलँडोकडची गर्दीही यातच. यूएस-१९ घेऊ नका. तो किनाऱ्याकडून जातो, आणि पुढे पेरीच्या बाजूला हेलीनने आधीच वाट लावलीय. आणि हो, झोन सांगाच. घर सोडायचा आदेश नसलेले निम्मे लोक रस्त्यावर आलेत म्हणून आदेश असलेले अडकतात.

टॅम्पाकर | ९.५२
झोन ई. २०१५ ची बिल्डिंग, दुसरा मजला. आई-बाबा भारतातून आलेत, बाबांना प्रोस्टेटचा त्रास, दर तासाला थांबावं लागतं. परवाची त्यांची फ्लाइट रद्द, उद्या सकाळी ९ पासून एअरपोर्टच बंद. आणि गाडी इलेक्ट्रिक आहे.

चकली | ९.५३
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं असतं!!

ओरलँडोचा_बाळू | १०.०१
हिल्सबरोत (टॅम्पाच्या काउंटीत) आदेश ए, बी आणि मोबाइल होमवाल्यांना (हलवता येणाऱ्या हलक्या घरांत राहणाऱ्यांना) आहे. तुम्हाला नाही. १० ते १५ फूट पाण्याचा इशारा खाडीकाठासाठी आहे. तुम्हाला तोंड द्यायचंय वाऱ्याला आणि वीज जाण्याला. २००२ नंतरचं बांधकाम १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर कडक केलेल्या नियमांनी झालेलं असतं. तरी धाकधूक असेल तर दहा-वीस मैल आत कुणा मित्राकडे किंवा शेल्टरमध्ये जा. त्या बाबांना घेऊन, चार्जरच्या रांगा लावत साडेचारशे मैल कशाला?

जुना_ह्यूस्टनकर | १०.०४
याबाबत बाळूशी सहमत. उलट्या लेनचं मात्र मागे घेत नाही.

टॅम्पाकर | १०.२०
बायकोशी बोललो. अटलांटा रद्द. गाडी फुल चार्ज करून पार्किंगच्या वरच्या मजल्यावर नेतोय. बाबांनी पाणी साठवायला बाथटब भरायला घेतलाय.

सेंटपीटची_सुमा | १०.२३
टबचं बूच नीट बसतंय का बघा, आमचा रात्रीत रिकामा झाला होता. आम्ही अजून वाइल्डवुडलाच.

पेणचा_पाहुणा | १०.२५
मिसळ मिळते का तिकडे?