निओ कॉम्प्रेशन ड्रायव्हर उन्हाने उतरतो का?

हॉर्नवाला_सोलापूर:
हॉर्नमागे बसणारं आवाजाचं युनिट, म्हणजे 1.4 इंची निओ (निओडिमियम मॅग्नेटचा) कॉम्प्रेशन ड्रायव्हर, 75 मिमी कॉईल, 8 ओहम. एप्रिलच्या मिरवणुकांनंतर चारपैकी एक 3 डीबीने कमी वाजतोय. डायफ्रॅम (कॉईल चिकटवलेला, थरथरणारा पडदा) नवा टाकला, फरक नाही. कॉईल 5.8 ओहम, बाकीच्यांइतकीच. मॅग्नेट गेला म्हणायचं का?

गॅप_गॉस:
मालक, थंड असतानाही कमी वाजतो का ते आधी बघा. कॉईल 100 अंशांनी तापली की रेझिस्टन्स 39-40 टक्के वाढतो आणि 2-3 डीबी तिथेच जातात, पण थंड झाली की परत येतात. निओची स्वतःची ताकद अंशाला साधारण 0.11 टक्के घटते, म्हणजे 60 अंश वाढले तरी जेमतेम 0.6 डीबी. तीही परत येते.

सकाळी थंड असतानाही 3 डीबीच कमी असेल आणि दोष मॅग्नेटचाच असेल, तर गॅपमधला (कॉईल बसते त्या फटीतला) फ्लक्स, म्हणजे चुंबकीय जोर, ढोबळमानाने 30 टक्के कायमचा गेलाय. निओ मॅग्नेटच्या साध्या एन ग्रेडची तापमानाची मर्यादा 80 अंश, एचची 120, एसएचची 150. तीही सगळीकडे सारखी नसते: मॅग्नेट पातळ असेल तर त्याआधीच उतरतो. 43 अंशांच्या उन्हात काळी पेटी, आत तापलेली कॉईल, मग 80 कितीसे लांब?

हॉर्नवाला_सोलापूर:
थंड असतानाही कमीच.

रिकोन_अक्कलकोट:
तरी मॅग्नेटवर शिक्का मारू नका. नवा डायफ्रॅम ओरिजिनलच आहे ना? डुप्लिकेटमध्ये वायर नि वजन बदललं की सेन्सिटिव्हिटी पडते. गॅपही साफ करा: मास्किंग टेप चिकट बाजू बाहेर ठेवून दुमडा, गॅपमध्ये गोल फिरवा, करडा कीस यायचा थांबेपर्यंत टेप बदलत रहा. हवेचा फवारा नको, कचरा फेज प्लगच्या (डायफ्रॅमसमोरच्या फटींच्या तुकड्याच्या) फटींत जाऊन बसतो. लोखंडी स्क्रूड्रायव्हर तर गॅपजवळ नेऊच नका, मॅग्नेट हातातून ओढून घेतो.

मग चांगल्या ड्रायव्हरचा डायफ्रॅम यात घाला, याचा त्यात. दोन्ही त्याच हॉर्नवर, 1 व्होल्ट, 2 किलोहर्ट्झ, माइक 1 मीटरवर. कमीपणा मोटरसोबत (मॅग्नेट नि गॅपच्या भागासोबत) राहिला तर मॅग्नेट, डायफ्रॅमसोबत गेला तर डायफ्रॅम.

गॅप_गॉस:
त्याच वेळी इम्पीडन्सचा (फ्रिक्वेन्सीनुसार बदलणाऱ्या विद्युत अडथळ्याचा) आलेखही काढा. डायफ्रॅम तोच असून रेझोनन्सचं शिखर बुटकं आलं तर मॅग्नेट नक्की. मग रिमॅग्नेटाइज (पुन्हा चुंबकित) करून घ्या किंवा मोटर बदला. जोडलेल्या निओ मोटरला पूर्ण चार्ज करायला कपॅसिटर डिस्चार्जचं मोठं मशीन लागतं.

हॉर्नवाला_सोलापूर:
पुढच्या वेळी फेराइट मॅग्नेटचाच घेऊ का?

रिकोन_अक्कलकोट:
उन्हासाठी बरा. तापल्यावर अंशाला 0.2 टक्के घटतो, पण कायमचा उतरत नाही, उलट गरम असताना त्याला डीमॅग्नेटाइज करणं अवघड जातं. वजन मात्र खूप, तेव्हा हॉर्नच्या मागे ब्रॅकेटचा आधार द्या, नाहीतर टेम्पोच्या धक्क्यांनी फ्लँजचे (हॉर्नला जोडणाऱ्या कड्याचे) बोल्ट ढिले होतात.