निळूभाऊंना 'पाटील' करून ठेवलं, हे नुकसान नाही का?

माळरान
निळू फुले म्हटलं की कुणीतरी मान तिरकी करून 'बाई, वाड्यावर या' म्हणतो, लोक हसतात, विषय संपतो. मला दर वेळी वाईट वाटतं. 'कथा अकलेच्या कांद्याची'सारख्या लोकनाट्यातून हा माणूस आला. १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा गाजला आणि मग पाटील, सरपंच, सावकार यांची रांगच लागली. याच नटाचा 'सिंहासन'मधला (१९७९) दिगू टिपणीस बघा. बाकी सगळे खुर्चीमागे पळतात, हा पत्रकार नुसता बघतो, ऐकतो. शेवटी त्याचं डोकं फिरतं, तेव्हाचं हसणं माझ्या अंगावर काटा आणतं. असा नट हाताशी असताना निर्मात्यांनी त्याला वर्षानुवर्षं वाड्यात डांबलं.

पिटातला
अजिबात पटलं नाही. 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील आठवा. साखर कारखाना, पोलीस, गाव, सगळं खिशात. समोर डॉ. लागूंचा दारुडा मास्तर एकच प्रश्न धरून बसलेला: मारुती कांबळेचं काय झालं? त्या प्रश्नानं हिंदुराव आतून कसा पोखरत जातो ते निळूभाऊंनी आवाज न चढवता दाखवलंय. १९७५च्या बर्लिन महोत्सवात हा सिनेमा गेला होता. हाही पाटीलच होता की! वाडा लहान नव्हता, लिहिणारे कमी पडले.

माळरान
मग तेच तर म्हणतोय मी. 'सामना' लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनी उभा केला तसा पाटील एखादाच, बाकीचे साच्यातले.

रानजाई
माझी आजी पडद्यावर ते दिसले की बोटं मोडायची. खरा राग यायचा तिला. कारण गावात असा एक माणूस तिनं पाहिला होता, तोही असाच हळू बोलायचा, डोळे अर्धे मिटून. आरडाओरडा करणारे खलनायक ती विसरून गेली, निळूभाऊंना नाही. साच्यातल्या भूमिकेत हे कमावणं मला मोठं वाटतं. दादा, तुम्ही त्याला नुकसान म्हणता, मला म्हणवत नाही.

तिसरी घंटा
तुम्ही सगळे सिनेमाच धरून बसलात. निळूभाऊंनी रंगभूमीवर केलेला 'सखाराम बाइंडर' कुणी काढेल असं वाटलं होतं. १९७२चं नाटक, कोर्टापर्यंत गेलेलं. सखाराम रांगडा, शिवराळ, पण खलनायक नव्हे. बायकांना घरात आणून स्वतःचे नियम लावणारा, आणि कुठेतरी त्यांच्यापुढे हतबलही होणारा. पडद्यावरची सगळी जरब तिथे होती, वर माणूसपण होतं. म्हणजे शिक्का बसायला सुरुवात झाल्यावरही त्यांनी तो मोडून दाखवलाच.

माळरान
सखारामचा मुद्दा मान्य. पण तो रंगभूमीनं दिला, सिनेमानं नाही. हिंदीत काय झालं? 'सारांश'मध्ये (१९८४) पुन्हा दांडगाई करणारा पुढारीच. रानजाई, तुमच्या आजीचा राग मी खोटा म्हणत नाही. पण राष्ट्र सेवा दलासारख्या समाजवादी संघटनेत वाढलेल्या, पुढे अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटलेल्या माणसाच्या वाट्याला एखादा साधा, प्रेमळ शिक्षक मोठ्या भूमिकेत जास्त वेळा यायला हवा होता. ती भूक माझी आहे.

पिटातला
सेवादलामुळेच तो पाटील इतका खरा उतरला, असं मला वाटतं. ज्या सत्तेचा मनापासून राग आहे तिची बारीकसारीक लकब माणूस टिपून ठेवतो. शिक्षक दुसऱ्या कुणीही केला असता. हिंदुराव दुसऱ्या कुणाला जमला असता, एक नाव सांगा.