मदत हवी आहे: कुकरमधला रव्याचा केक मधे बसतो

1982 च्या गिरणी संपात पगार बंद होता, तरी आजीने कुणाचा वाढदिवस या केकशिवाय जाऊ दिला नाही. सध्या आमच्याकडेही पगार थांबलाय, पण रविवारी लेकीचा केक होणारच.

दीड वाटी बारीक रवा, वाटीभर किसलेला गूळ, सव्वा वाटी आंबट ताक, पाव वाटी तेल, अर्धा चमचा खायचा सोडा. कुकरच्या तळाशी मीठ, शिट्टी-रिंग काढून मंद आचेवर 45 मिनिटं. कडा छान तांबूस होतात, मधे मात्र खळगा पडतो, सुरी चिकट निघते. रवा अर्धा तास भिजवून पाहिला. 10 मिनिटं जास्त ठेवला तर खालून करपला.

ओव्हन नाही, अंडी-लोणी नकोत. आजी साखर घालायची, माझ्याकडे गूळच आहे. गुळासाठी ताक किती कमी करू? सोडाही कमी करायला हवा का?