मनुष्यबळ विभागात ११ वर्षे झाल्यावर पीएच.डी. करावी का?

नमस्कार. पुणे विद्यापीठातून एम.पी.एम. (कार्मिक व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी) पूर्ण करून मी गेली ११ वर्षे चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम करीत आहे. पहिली चार वर्षे हजेरी, पगारपत्रके आणि भविष्य निर्वाह निधीच्या कामात गेली. नंतर भरती व प्रशिक्षण सांभाळले आणि आता वेतन कराराच्या वाटाघाटींत मी व्यवस्थापनाच्या बाजूने बसते. पुढची पायरी संपूर्ण कारखान्याच्या मनुष्यबळ प्रमुखाची आहे.

अर्धवेळ पीएच.डी. करण्याचा विचार दोन वर्षांपासून मनात आहे. नावामागे ‘डॉक्टर’ लागले की बढती सोपी होईल असे घरच्यांना वाटते, तर तोच वेळ कामगार कायद्याच्या पदविकेला द्यावा असे माझे वरिष्ठ म्हणतात. मला स्वतःला मात्र एक प्रश्न सोडत नाही. एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभे राहणारे कायम आणि कंत्राटी कामगार थोडक्यात टळलेल्या अपघातांची, म्हणजे आम्ही ज्याला ‘निअर मिस’ म्हणतो त्यांची, नोंद सारख्या प्रमाणात करीत नाहीत असे मला दिसते, आणि त्यामागचे कारण मला नीट तपासायचे आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी कार्मिक व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो असून प्रमुखपदासाठीच्या अनेक मुलाखती मी स्वतः घेतल्या आहेत. त्या मुलाखतींत आम्ही उमेदवाराला किती करार पूर्णत्वास नेले, खातेनिहाय चौकशी कशी चालवली, संपाची नोटीस आल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय केले आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेटाची बोलणी कशी हाताळली, हे विचारीत असू. पीएच.डी. नसल्यामुळे कोणी मागे पडल्याचे मला आठवत नाही. कायद्यानेही ती कधी मागितलेली नाही. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४९ मध्ये ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमण्याची तरतूद होती, पण त्या पदासाठीही समाजकार्य किंवा श्रमविषयक पदवी अथवा पदविका चालत असे.

त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. त्यांचा अंमल समजावून सांगू शकणारी व्यक्ती आज कोणत्याही कारखान्याला हवी आहे. केवळ बढती हवी असेल, तर तुमच्या वरिष्ठांचे म्हणणे मला योग्य वाटते.

प्रतिसाद २

ताई, मी नोकरी सांभाळून याच विषयात पीएच.डी. केली आणि आता व्यवस्थापन महाविद्यालयात शिकवते. वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु तुमच्याजवळ खरा प्रश्न आहे, आणि तो अनेक विद्यार्थ्यांजवळ प्रवेश घेतल्यावरही नसतो. विषय मार्गदर्शकाने सुचवायचा, प्रश्नावली ओळखीच्या दोनशे जणांकडून भरून घ्यायची आणि ‘नोकरीतील समाधान’ या शीर्षकाखाली प्रबंध सादर करायचा, या वाटेने पदवी मिळते, पण तिचा कारखान्यात उपयोग होत नाही.

नियमांविषयी सांगते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण लागतात (आरक्षित प्रवर्गांना सवलत आहे). कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षांचा असून पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षे मिळू शकतात. महिलांना त्यावर २ वर्षांची सवलत आहे, मात्र एकूण मुदत १० वर्षांपुढे जात नाही. अर्धवेळ संशोधनासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र बंधनकारक आहे, आणि संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल असे त्यात लिहून द्यावे लागते. प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थ्यांचीच मर्यादा असल्याने, औद्योगिक संबंध जाणणारा मार्गदर्शक शोधण्यातच वर्ष निघून जाऊ शकते.

परंतु माझी खरी अडचण निराळीच होती. ज्या कंपनीत मी होते तिने प्रवेशाच्या वेळी तोंडी होकार दिला आणि तिसऱ्या वर्षी व्यवस्थापन बदलल्यावर माहिती देण्यास नकार दिला. माझा आराखडा मला पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागला. तुमचा विषय तर अपघातांचा आहे, त्यामुळे तो अधिकच नाजूक ठरेल. कोणत्या वर्षांच्या नोंदी मिळतील, कामगारांची नावे कशी झाकली जातील आणि प्रबंधात कंपनीचा उल्लेख कसा होईल, हे सारे प्रवेशापूर्वी लेखी घ्या.

अध्यापनात जायचे असेल तर सहयोगी प्राध्यापक आणि त्यावरील पदांसाठी पीएच.डी. लागतेच, हा तिचा रोख उपयोग.

प्रतिसाद ३

दोन गोष्टी जोडतो. उद्योगातील १५ वर्षांच्या अनुभवावर ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून पीएच.डी.शिवायही शिकवता येते, मात्र ही नेमणूक मुदतीची असते, तेव्हा तिच्यावर पूर्ण विसंबू नये. दुसरे म्हणजे, परदेशी संस्थांच्या सहकार्याने एड-टेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्या देतात ती ऑनलाइन पीएच.डी. मान्य नसल्याचे आयोगाने २०२२ मध्येच जाहीर केले आहे. अशा जाहिरातींच्या नादी लागू नका.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. बढतीसाठी पीएच.डी. करायची नाही, हे आता माझ्या मनात स्पष्ट झाले आहे. येत्या वर्षी श्रम संहितांचा अभ्यास पूर्ण करीन आणि दरम्यान व्यवस्थापनाकडे नोंदींच्या परवानगीचा लेखी अर्ज देईन. परवानगी नाकारली गेली, तर हाच विषय इतर कारखान्यांत घेता येईल का?

प्रतिसाद २

घेता येईल, आणि कदाचित तेच अधिक चांगले ठरेल. तुमच्याच कारखान्यातील कंत्राटी कामगार मनुष्यबळ विभागातील व्यक्तीला ‘मी नोंद का केली नाही’ हे मोकळेपणाने सांगणार नाहीत, कारण त्यांना पुढच्या महिन्याची नेमणूक तुमच्याच विभागाच्या हाती दिसते. दुसऱ्या ठिकाणी, सुरक्षा समितीतील कामगार प्रतिनिधींच्या मध्यस्थीने आणि कारखान्याच्या आवाराबाहेर मुलाखती घेता आल्या तर पहा. अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता अशा एक-दोन समित्यांशी आतापासूनच बोलून ठेवा.