मदत हवी आहे : मराठी शाळेत कायम नोकरीसाठी कर्नाटक की महाराष्ट्र?

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीतलं क्वालिटीचं काम सोडून बी.एड. केलं. सध्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत अतिथी शिक्षक आहे, सहावी-सातवीला गणित. दशांश कळेना म्हणून पोरांच्या हातात व्हर्नियर कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) दिला, तर घंटा झाली तरी कुणी जागचं हलेना! मला आता हेच करायचंय, पण कायम.

कर्नाटक टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) दुसऱ्या, म्हणजे सहावी ते आठवीच्या पेपरची तयारी चालू आहे. खुल्या गटाला १५० पैकी ९० गुण लागतात. कन्नड बोलतो, लिहिताना मात्र अडतं. मराठी माध्यमातून निवड झालेल्यांनी कन्नडची तयारी कशी केली?

आमचं गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांत येतं. महाराष्ट्राच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर अर्ज करताना रहिवासी दाखला कुठून काढलात? घरची शेती इथंच आहे, त्यामुळे जमलं तर इथंच राहायचंय. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.