‘आय लिव्ह’ की ‘आय अ‍ॅम लिव्हिंग’?

गिरगावचे मास्तर : काल येथे एकाने लिहिले की, ‘आय अ‍ॅम नोइंग’ किंवा ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणणाऱ्या उमेदवाराला मुलाखतीच्या खोलीतूनच परत पाठवावे. मराठी माध्यमाच्या वर्गांत इंग्रजी शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला हा तुच्छतेचा सूर सोसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. ‘मला माहीत आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’ यांतला ‘आहे’ मुलांच्या कानात इतका मुरलेला असतो की इंग्रजी बोलताना त्याच्या जागी ‘अ‍ॅम’ येऊन बसतो. ही चूक आहेच. पण ती आळसाची नव्हे, घरच्या भाषेची आहे.

अंधेरीकर : तो मजकूर माझाच. कारण कळले म्हणून चूक बरोबर ठरत नाही. नो, बिलीव्ह, ओन ही स्थितिदर्शक, म्हणजे सहसा ‘-इंग’ न लागणारी क्रियापदे आहेत आणि त्यांची यादी दहावीपर्यंत पाठ व्हायलाच हवी.

गिरगावचे मास्तर : यादीने भागत नाही. भाऊ असतात तेथे ‘हॅविंग’ चालत नाही, पण जेवणाच्या ताटावर बसून ‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ म्हटलेले बिनचूक असते. क्रियापद तेच, अर्थ निराळा.

लालबागकर : पाठ करून काय होते, ते माझ्याकडून ऐका. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा अठरा महिन्यांच्या बोलीवर आम्हाला ट्रान्झिट कॅम्पात हलवले. त्याला आता अकरा वर्षे झाली. एका मुलाखतीत मी ‘आय अ‍ॅम लिव्हिंग इन अ ट्रान्झिट कॅम्प’ म्हणालो, तर समोरच्या बाईंनी मध्येच थांबवून ‘आय लिव्ह’ अशी दुरुस्ती केली. तात्पुरत्या मुक्कामाला चालू वर्तमानकाळ, असाच नियम आहे ना?

अंधेरीकर : अकरा वर्षांना तात्पुरते कोण म्हणतो?

लालबागकर : आमचा बिल्डर म्हणतो, दर गणपतीत. आम्हीही म्हणतो, कारण ‘लिव्ह’ म्हटले की चाळीतल्या खोलीवरचे नाव आपल्याच हाताने खोडल्यासारखे वाटते. तुमच्या फ्लॅटमधून हे दिसायचे नाही.

अंधेरीकर : माझ्या फ्लॅटचा येथे काय संबंध? व्याकरण बोलायचे असेल तर बोला.

परळची सून : माझे सासरे कॅम्पातच वारले. रेशनकार्डावर पत्ता शेवटपर्यंत चाळीचा राहिला. त्यांच्यासाठी कोणता काळ वापरू, तेही सांगून टाका.

गिरगावचे मास्तर : ‘ही वॉज लिव्हिंग देअर’ असेच म्हणा. मुक्काम तात्पुरता की कायमचा, हे इंग्रजीत कॅलेंडर ठरवत नाही, बोलणारा ठरवतो. तेव्हा त्या बाईंची दुरुस्ती अनाठायी होती. मात्र लालबागकर, वाक्यात ‘अकरा वर्षे’ आली की तुमचे रूपही बाद होते आणि त्या बाईंचेही. तेथे ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर इलेव्हन इयर्स’ हवे. मराठीत ‘अकरा वर्षे राहतो आहे’ एवढ्यावर काम होते, म्हणून आपली मुले नेमकी तेथे अडखळतात.

अंधेरीकर : ठीक आहे, कॅम्पवाल्यांना ‘लिव्हिंग’ माफ. ‘नोइंग’ला मात्र माझ्याकडे अजूनही थारा नाही.

लालबागकर : माफी मागितली होती कोणी?